ऊब आणावी की राखावी?

महाराष्ट्रातला माणूस घर बांधावयास निघतो तेव्हा त्याच्या मनात शत्रू दोनच असतात : पाऊस आणि ऊन. पाऊस गळू नये म्हणून तो छपराला उतार देतो, ऊन लागू नये म्हणून पडवी काढतो. थंडीचा विचार तो करीत नाही. थंडी म्हणजे दीड-दोन महिन्यांची पाहुणी. गोधडी आहे, शेकोटी आहे, निघून जाईल, असा आपला एकंदर हिशोब. कोकणात तो बरोबरही आहे. परंतु मी राहतो तो भाग निफाड तालुक्यातला. येथे डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदलेले तापमान वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते. डिसेंबर २०१८ च्या अखेरच्या आठवड्यात येथला पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. त्या दिवसांत बागाईतदार द्राक्षाच्या बागेत रात्रभर शेकोट्या पेटवून ठेवतात आणि पहाटे ठिबकचे पाणी सोडतात, कारण विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते व घडांना तडे जाण्याचे टळते. द्राक्षाची एवढी काळजी घेणे योग्यच आहे, वर्षाचे उत्पन्न त्यावर असते. पण त्याच बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये पेठ-सुरगाण्याकडून आलेले मजूर लेकराबाळांसह झोपलेले असतात. त्यांच्या छपराचा विचार कोणी केला आहे काय, हा प्रश्न मला पडला आणि त्यातूनच हा लेख लिहावासा वाटला.

प्रश्न सोपा आहे : ज्याला विजेचे बिल परवडत नाही त्याने थंडीत घर उबदार कसे ठेवावे? उत्तर शोधताना मला आढळले ते असे की, आपण या प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतो. थंडी वाजू लागली की आपण ऊब 'आणण्याच्या' मागे लागतो : शेगडी आणा, हीटर आणा, लाकडे आणा. वस्तुतः घरात ऊब असतेच. ती जाते कोठून, हे पाहिले तर निम्म्याहून अधिक काम फुकटात होते. आणि ऊब आणण्याच्या नादात दरवर्षी काही माणसे जिवाला मुकतात, ते वेगळेच.

माणूस स्वस्थ बसला असता त्याच्या शरीरातून सुमारे शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर पडत असते. झोपेत ती पाऊणशे वॅटच्या आसपास येते. म्हणजे चार माणसांचे कुटुंब एका खोलीत झोपले की त्या खोलीत तीनशे वॅटची एक शेगडी रात्रभर विनामूल्य चालू आहे असे समजावे. ही ऊब खोलीत राहिली तर कोणाला कुडकुडावे लागणार नाही. ती राहत नाही, कारण ती तीन वाटांनी पळते. भिंत, फरशी, छप्पर यांच्या अंगातून पाझरत जाते ते वहन; फटींतून उबदार हवा वर निघून जाते व तिच्या जागी गार हवा शिरते ते अभिसरण; आणि तिसरी वाट प्रारणाची. ही तिसरी वाट आपल्या सहसा ध्यानात येत नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो.

सूर्य जशी उष्णता किरणांनी फेकतो तशी प्रत्येक वस्तू आपापल्या परीने फेकत असते. आपले छप्परही रात्री आभाळाकडे उष्णता फेकत असते. आभाळात ढग असले तर तेही थोडी उष्णता परत पाठवतात, जणू गावावर गोधडी घातली आहे. परंतु थंडीतल्या निरभ्र, कोरड्या रात्री वर ढग नसतात आणि हवेत बाष्पही थोडेच असते. मग छपराची उष्णता जी वर जाते ती जाते. यामुळे छप्पर भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. उघड्यावर लावलेल्या मोटारसायकलच्या सीटवर पहाटे दव साचलेले असते आणि झाडाखाली लावलेल्या सीटवर नसते, ते याच कारणाने. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना याचा आणखी एक पुरावा ठाऊक आहे. जानेवारीत पावसाचे नाव नसताना पहाटे पत्र्यातून थेंब टपकतात. पत्रा गळत नसतो. झोपलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ त्या गार पत्र्याला लागून तिचे पाणी होते व ते अंथरुणावर पडते. त्या ओलसर अंथरुणाने थंडी दुप्पट वाजते.

तेव्हा थंडीत घराचा खरा दरवाजा म्हणजे छप्पर. आता आपल्याकडच्या छपरांची तुलना करून पाहू. मी एक ढोबळ हिशोब मांडला. घर पंचवीस चौरस मीटरचे धरले, कारण २०१६ पासूनच्या ग्रामीण घरकुल योजनेत किमान एवढेच क्षेत्रफळ ठरविलेले आहे. बाहेर दहा अंश आणि आत अठरा अंश तापमान राखावयाचे असे मानले. अठरा हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरे व आरोग्य यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत थंडीच्या प्रदेशांसाठी घरातील तापमान याहून खाली जाऊ नये असे सुचविले आहे. थंड घरात रक्तदाब वाढतो, श्वसनाचे विकार बळावतात, आणि याचा फटका म्हाताऱ्यांना व तान्ह्या मुलांना आधी बसतो.

नुसता पत्रा असेल तर एवढ्या छपरातून सुमारे चौदाशे वॅट उष्णता निघून जाते. म्हणजे चौघांच्या अंगची तीनशे वॅट कोठल्या कोठे! सिमेंट-काँक्रीटचा पाच इंची स्लॅब असेल तर साधारण आठशे वॅट. येथे पुष्कळांना आश्चर्य वाटेल, कारण स्लॅबचे घर म्हणजे पक्के घर अशी आपली समजूत आहे. पण काँक्रीट उष्णतेला फारसे अडवीत नाही. त्याची खुबी वेगळी आहे : ते दिवसाचे ऊन साठवून ठेवते. म्हणून स्लॅबच्या घरात रात्री दहापर्यंत बरे वाटते आणि पहाटे चारला हुडहुडी भरते. तोवर साठा संपलेला असतो. आता जुने धाब्याचे घर पाहा. लाकडी तुळया, त्यांवर वासे, त्यांवर काटक्या व पाला, आणि वर फूटभर मातीचा थर. याच हिशोबाने त्यातून जेमतेम तीनशे वॅट जातात. म्हणजे चौघांच्या अंगच्या उबेइतकेच! शिवाय मातीची जाड भिंत दुपारचे ऊन इतक्या सावकाश आत सोडते की ते पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटून जाते. आमच्या आजीच्या धाब्याच्या घरात थंडीत कधी शेगडी नव्हती. तिला त्याचे कारण विचारले असता 'घर निजतं आपल्याबरोबर' एवढेच ती म्हणे. हा हिशोब केवळ छपराचा आहे. भिंती, फटी यांतून जाते ते निराळे, आणि निरभ्र आभाळाकडे जाणारी जादा उष्णताही मी यात धरलेली नाही. तरी प्रमाण काय आहे ते कळावे.

एवढे वाचून कोणी म्हणेल की, पुन्हा मातीची घरे बांधावीत. मासिकांतून असे लेख येतात आणि त्यांत खेड्यातल्या घरांचे मोठे गोड वर्णन असते. मला ते पटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबाद भागात जवळजवळ आठ हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक याच माळवदाखाली व मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली गेली. ज्या फूटभर मातीने घर उबदार ठेवले तीच माती वजन होऊन अंगावर कोसळली. त्यानंतर त्या भागातल्या लोकांनी पत्रा जवळ केला तो अज्ञानाने नव्हे. पत्रा अंगावर पडला तरी माणूस वाचण्याची आशा असते. तात्पर्य, आजच्या गरिबाचे घर पत्र्याचे किंवा स्लॅबचे असणार हे धरूनच उपाय शोधला पाहिजे. माती नको असली तरी मातीचा गुण घेता येईल काय, हा खरा प्रश्न.

तो घेता येतो. कारण ऊब अडविण्याचे काम मुळात जड वस्तू करीतच नाही. ते काम करते स्थिर हवा. हवा कोंडून ठेवली तर तिच्याइतकी उष्णतारोधक स्वस्त वस्तू दुसरी नाही. लोकर, कापूस, पेंढा, पिसे यांची ऊब ही वस्तुतः त्यांच्या धाग्यांत अडकलेल्या हवेची ऊब आहे. म्हणून पत्र्याच्या खाली अर्धा फूट जागा सोडून दुसरे छत ताणले की छपराची गळती निम्म्याहून कमी होते. हे छत बांबूच्या तट्ट्यांचे असो, जुन्या लुगड्यांचे असो की बारदानाचे असो. आमच्याकडे लासलगावच्या कांदाबाजारामुळे बारदान मुबलक मिळते. चार गोण्या उसवून शिवल्या की एका खोलीचे छत होते. चौदाशे वॅटचे सहाशेवर येतात. या छतावर गव्हाचे काड दोन इंच जाडीने पसरले तर हिशोबाने दोनशेच्या आत येतात, म्हणजे धाब्याहूनही कमी! शिवाय असे छत असले म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगासमोर गार पत्रा राहत नाही. हवा तेवढीच गार असली तरी डोक्यावरचा गार पृष्ठभाग झाकला गेल्याने थंडी कमी वाजते, याचा अनुभव कोणीही एका रात्रीत घेऊ शकेल. ऊसतोड कामगार पाचटाची कोपी करतात आणि अलीकडे त्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकतात. त्यातले पाचट काढून नुसता कागद ठेवला तर कोपीचा तंबू होईल व थंडी आत येईल, हे त्यांना सांगावे लागत नाही.

मात्र काडाला तीन शत्रू आहेत : उंदीर, वाळवी आणि ठिणगी. पहिल्या दोघांसाठी दर वर्षी काड बदलावे. जुने गोठ्यात जाते, काही वाया जात नाही. तिसऱ्यासाठी सांगावयाचे तर, जेथे चूल आहे त्या खोलीत काडाचे छत करूच नये, आणि विजेच्या उघड्या तारा त्याजवळून नेऊ नयेत. थर्मोकोलचेही तसेच, ते पेटते आणि त्याचा धूर विषारी असतो. स्वस्त म्हणून पुष्कळ ठिकाणी लावलेले दिसते, मला ते धोक्याचे वाटते.

छपरानंतर फटी. पत्र्याच्या घरात भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये वळचणीला हातभर मोकळी जागा असते. उन्हाळ्यात ती हवीच. थंडीत मात्र घरातली सगळी उबदार हवा तेथून निघून जाते. चिंध्यांचे बोळे, गोणपाटाची गुंडाळी, मातीचा लेप, काहीही चालते. दाराच्या उंबऱ्याशी जुन्या पोत्यात भुसा भरून केलेली लांबट उशी ठेवावी. यातली एक अट पुढे सांगणार आहे, ती वाचल्याशिवाय कोणी सगळ्या फटी बुजवू नयेत.

ऊब राखण्याचे झाले. फुकटची ऊब आत घेण्याचा एकच उत्तम मार्ग आहे आणि तो म्हणजे दक्षिणेची खिडकी. आपल्याकडे दक्षिण दिशा यमाची मानतात. दार तर सोडाच, पुष्कळ घरांत त्या बाजूस साधा झरोकाही ठेवीत नाहीत. आता भूगोल काय सांगतो ते पाहा. नाशिक साधारण वीस अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य येथे क्षितिजापासून सुमारे साडेसेहेचाळीस अंश वर, दक्षिणेकडे असतो; म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन सरळ खोलीच्या मध्यापर्यंत येते. जूनमध्ये तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडे असतो. त्या वेळी दक्षिणेच्या खिडकीत ऊन शिरतच नाही. जी खिडकी हिवाळ्यात ऊन देते आणि ऐन उन्हाळ्यात देत नाही, तिला अशुभ म्हणावे याची मौज वाटते. चौरस मीटरभर काचेच्या अशा खिडकीतून निरभ्र हिवाळी दिवसात दोन-तीन युनिट वीज जाळल्याइतकी उष्णता आत येते. ती शहाबादी फरशीवर किंवा विटांच्या भिंतीवर पडली पाहिजे, गादीवर नव्हे. दगड-वीट ती साठवून ठेवतात. चार-साडेचारला ऊन ढळले की खिडकी जाड पडद्याने किंवा गोणपाटाने झाकून टाकावी, नाहीतर आलेली ऊब त्याच काचेतून परत जाईल.

या एका युक्तीने काय साधते हे पाहावयाचे तर लडाखकडे पाहावे. तेथे जळण दुर्मिळ, थंडी उणे वीसपर्यंतची. पण आभाळ हिवाळ्यातही निरभ्र. लेहजवळ फे या गावी सेकमॉल या संस्थेचा परिसर आहे. ही संस्था १९८८ मध्ये सुरू झाली. त्या परिसरातल्या इमारती जाड कुटलेल्या मातीच्या असून दक्षिणेची बाजू काचेची आहे. हिवाळ्यात कोळसा-लाकूड न जाळता मुले तेथे राहतात आणि शिकतात. तत्त्व तेच : दक्षिणेकडून घ्यावे, जड वस्तूत साठवावे, वरून व बाजूंनी निसटू देऊ नये. काचेमागे काळी भिंत उभारण्याची जी पद्धत आहे तिला फ्रान्समधील फेलिक्स त्रोंब यांचे नाव आहे. वास्तुशिल्पी झाक मिशेल यांच्यासह त्यांनी १९६७ मध्ये ओदेयो येथे अशा भिंतीचे घर बांधले. आपल्याला एवढ्या खटाटोपाची गरज नाही. आपली थंडी लडाखच्या मानाने पोरवयाची आहे. एक खिडकी पुरे.

आता अंथरुणाकडे येऊ. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' अशी म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, पण थंडीत अंथरुणाला पांघरुणाहून अधिक महत्त्व आहे हे कोणी सांगत नाही. आपण वरून दोन चादरी आणि एक रग घेतो, आणि खाली एक सतरंजी. अंगाच्या भाराने ती सतरंजी दबून तिच्यातली हवा निघून जाते. मग शरीराची ऊब सरळ फरशीत उतरते, आणि फरशीच्या खाली तर सगळी पृथ्वी आहे! खाली काड भरलेले पोते किंवा वाळलेल्या गवताची गादी, त्यावर गोधडी, असे असेल तर वरून एकच पांघरूण पुरते. नुसती वर्तमानपत्रे आठ-दहा पदरी अंथरली तरी फरक पडतो. बाजेवर झोपणाऱ्यांनी तर खालून अधिक घ्यावे, कारण सुंभाच्या जाळीतून गार हवा पाठीला लागते. गोधडी ही आपल्या बायकांनी केलेली मोठी शास्त्रीय वस्तू आहे असे मी मानतो. जुन्या लुगड्यांचे आठ-दहा पदर आणि त्यांना बारीक धावदोरा. पदरापदरांत हवा अडकते आणि टाक्यांमुळे ती हलत नाही. तिला रोज ऊन दाखवावे, कारण रात्रभरचा घाम व दमटपणा आत राहिला तर हवेच्या जागी पाणी येते आणि पाणी उष्णता वाहून नेते. धनगरांच्या घोंगडीचा गुण असा की ती थोडी दमट झाली तरी ऊब सोडीत नाही. दुर्दैवाने दुकानातल्या चकचकीत ब्लँकेटपुढे तिला गिऱ्हाईक उरलेले नाही.

हे सर्व करूनही एखादी रात्र अशी येते की म्हातारे माणूस कुडकुडते. तेव्हा ऊब आणावीच लागते. ती खोलीला देण्याऐवजी माणसाला द्यावी. याचा हिशोब डोळे उघडणारा आहे. दोन हजार वॅटचा हीटर रात्री नऊ ते पहाटे पाच चालविला तर सोळा युनिट वीज लागते. महिनाभराचे बिल ज्याने त्याने आपल्या दराने गुणून पाहावे. उलट दोन लिटर पाणी वीस अंशांवरून सत्तर अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे एका युनिटाचा आठवा भाग पुरतो. ते रबरी पिशवीत भरून, पिशवी फडक्यात गुंडाळून पायथ्याशी ठेवली की अंथरूण अर्ध्या रात्रीहून अधिक गरम राहते. हीटरच्या एका रात्रीत अशा सव्वाशे पिशव्या होतात! रबरी पिशवी नसेल तर चुलीच्या कडेला तापविलेली वीट जाड कापडात गुंडाळून घ्यावी. ही रीत जुनी आहे. मधुमेही माणसांच्या पायाला चटका कळत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत पिशवी आधी अंथरुणात फिरवून, झोपताना काढून घ्यावी हे बरे.

या लेखात सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वाटते ती आता सांगतो. कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांनी भरलेले घमेले बंद खोलीत ठेवून झोपणे म्हणजे मृत्यूला उशाशी घेणे होय. उत्तर हिंदुस्थानातून अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात : संध्याकाळी सारे कुटुंब शेगडीभोवती बसले, दार लावून निजले, सकाळी कोणी उठले नाही. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरने हेच केले आहे. कोळशाला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही म्हणजे त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा तो दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग रक्त फिरत राहते, पण प्राणवायू पोहोचवीत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. जागा माणूस बाहेर पळेल. झोपलेला जागाच होत नाही.

यातला मोठा घोटाळा धुराविषयीच्या समजुतीचा आहे. चूल धुरकट असते, डोळ्यांतून पाणी काढते, म्हणून आपण तिला भितो आणि दार उघडतो. निखारे मात्र लालबुंद, निवांत, धूरविरहित असतात. 'धूर संपला, आता आत घ्या' असे घरातली जाणती माणसेसुद्धा म्हणतात. नेमका तोच निखारा बंद खोलीत घातक. आणि वर फटी बुजवण्याविषयी जी अट सांगेन म्हटले ती हीच : ज्या खोलीत काहीही जळते आहे त्या खोलीच्या फटी बुजवू नयेत, आणि जेथे फटी बुजवल्या तेथे काहीही जाळू नये. दोहोंपैकी एकच निवडावे. किंचित खिडकी उघडी ठेवली की झाले, असेही समजू नये. शेगडीभोवती जागेपणी, दार उघडे ठेवून, पडवीत बसावे, आणि झोपण्यापूर्वी ती घराबाहेर नेऊन ठेवावी. निखारा बाहेर, त्याने तापलेली वीट व पाणी आत, हा साधा नियम आहे.

सर्वांत जास्त चिंता वाटते ती बाळंतिणीच्या खोलीची. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत बाळंतिणीची खोली चहूकडून बंद करतात, खिडक्यांना घोंगड्या लावतात आणि बाजेखाली शेगडी ठेवून वर ओवा-शेपांची धुरी देतात. यामागे माया आहे यात शंका नाही. तान्ह्या मुलाला ऊब लागते हेही खरे आहे. पण जेथे प्रौढ माणूस गुंगून जातो तेथे चार दिवसांच्या जिवाचे काय होत असेल? कमी दिवसांच्या मुलांना काचेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा कोलंबिया देशातील बोगोटा येथे एडगर रे या डॉक्टरांनी १९७८ च्या सुमारास एक पद्धत सुरू केली : उघड्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून कापडाने बांधावयाचे. आईच्या अंगची ऊब बाळाला लागते आणि त्याचे तापमान स्थिर राहते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती मान्य केली. डोक्याला टोपडे, पायांत मोजे, आईचे अंग आणि दोघांवर मिळून एक गोधडी : यात शेगडीला जागा उरत नाही. हे आजीबाईंना समजावून सांगणे कठीण आहे, हे मी अनुभवाने जाणतो. 'आम्ही काय मेलो?' हा त्यांचा प्रश्न असतो. त्यावर वाद घालण्यापेक्षा शेगडी उचलून ओट्यावर नेणे व तापल्या विटा आत आणून देणे हा मार्ग मला अधिक बरा वाटतो. आजीबाईंना शेक दिल्याचे समाधान राहते आणि हवा शुद्ध राहते.

राहता राहिले आपण वसतिगृहवासी. आपल्याला छप्पर बदलता येत नाही, विजेची शेगडी वापरण्यास बंदी असते आणि ती योग्यच आहे, कारण जुन्या तारांना तो भार सोसत नाही. परंतु सत्राच्या आरंभी खोली निवडण्याची संधी मिळाली तर सर्वांत वरचा मजला टाळावा. उघड्या आभाळाचा सारा गारवा त्याच्याच स्लॅबला लागतो. मधल्या मजल्यावर वरची व खालची मुले आपल्याला फुकट ऊब देतात. कोपऱ्याच्या खोलीला दोन भिंती उघड्या असतात, मधल्या खोलीला एकच. खिडकी दक्षिणेला असावी, आणि खोलीतला जोडीदार यमाच्या दिशेला भिणारा असेल तर ती खाट आपण मागून घ्यावी.